आत्या, भाचा आणि आर्त्वाची गादी

वडील वारले. मुलगा त्यांच्या चार वर्षं आधीच गेलेला. मागे उरली एक लग्न झालेली मुलगी आणि त्या गेलेल्या मुलाचा पंधरा वर्षांचा मुलगा. किल्ले, शहरं, जकातनाके, न्यायनिवाड्याचा अधिकार, हे सगळं आता कुणाचं?

हा प्रश्न ११ जुलै १३०२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या आर्त्वा या संस्थानापुढे उभा राहिला. त्या दिवशी कुर्त्रेच्या लढाईत फ्लँडर्सच्या विणकरांनी आणि कारागिरांनी पायी लढून फ्रान्सच्या घोडदळाची धूळधाण केली. त्या घोडदळाचा सेनापती होता आर्त्वाचा काउंट दुसरा रॉबेर. तो तिथेच पडला. त्याचा मुलगा फिलिप १२९८ मध्ये लढाईतल्या जखमांनी गेला होता. फिलिपचा मुलगा म्हणजे तिसरा रॉबेर. आणि जी मुलगी मागे उरली होती, ती माहो. वय तिशीच्या पुढचं, तीन मुलांची आई, शेजारच्या बुर्गुंडी काउंटीचा काउंट चौथा ओतों याची बायको.

गादी माहोला मिळाली. पुढची सत्तावीस वर्षं, मरेपर्यंत, ती आर्त्वाची काउंटेस राहिली. तिच्यावर तीन वेळा दावा झाला, सरदारांनी बंड केलं, राजाला विष घातल्याचा आरोप झाला, मुली तुरुंगात गेल्या, एकुलता मुलगा वारला. तरी आर्त्वा तिच्या हातातून सुटलं नाही. हे कसं जमलं ते समजून घ्यायचं तर आधी त्या काळचा वारसाहक्क समजून घ्यावा लागतो. तो वाटतो त्यापेक्षा बराच सरळ आहे.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये सगळीकडे लागू होणारा एकच कायदा नव्हता. प्रत्येक प्रांताची आपली रूढी असे आणि ती कोर्टात कायद्याइतकीच मानली जाई. जहागिरीच्या बाबतीत दोन गोष्टी बघितल्या जात. पहिली, मुलगी वारस होऊ शकते का? उत्तरेकडच्या बहुतेक प्रांतांत उत्तर होतं: हो, हयात भाऊ नसेल तर. दुसरी, मुलगा बापाआधी मेला तर त्याची जागा त्याच्या मुलांना मिळते का? काही प्रांतांत मिळत असे. आपल्याकडे आजच्या हिंदू वारसा कायद्यातही आधी वारलेल्या मुलाची मुलं त्याचा वाटा घेतात. आर्त्वाच्या रूढीत मात्र ही सोय नव्हती. तिथे फक्त एवढंच मोजायचं की मृत काउंटपासून कोण किती पिढ्या दूर आहे. मुलगी एक पिढी दूर, नातू दोन पिढ्या. मुलगी जवळची, म्हणून वारसा मुलीचा. नातू पुरुष आहे याने काही फरक पडत नव्हता.

म्हणजे माहोला कुणी मेहरबानी म्हणून गादी दिली नाही, आणि तिने भाच्याची गादी बळकावलीही नाही. तिथल्या रूढीप्रमाणे जे व्हायचं तेच झालं. हे ठासून सांगायला हवं, कारण पुढची सातशे वर्षं तिची गोष्ट बहुतेक वेळा भाच्याच्या बाजूनेच सांगितली गेली.

अर्थात राजा चौथा फिलिप याचाही यात स्वार्थ होता. १२९५ च्या एका कराराने ओतोंने आपली बुर्गुंडी काउंटी मुलगी जान हिच्या नावे राजघराण्याकडे देऊन टाकली होती. जानचं लग्न राजाच्या मुलाशी होणार, हे त्यात ठरलं होतं. माहोची थोरली लेक राजाची सून होणार असेल, तर आर्त्वा माहोकडे असणं राजाला सोयीचंच होतं. रूढी तिच्या बाजूने होती आणि राजाचा हिशेबही.

आता नवऱ्याचं. बाईला जहागीर मिळाली तरी नवरा हयात असेपर्यंत तिचा कारभार तोच बघायचा, असा सर्रास प्रघात होता. आर्त्वासाठी राजापुढे निष्ठेची शपथ घ्यायला ओतोंच पुढे होता. पण १३०३ मध्ये तो वारला आणि माहो विधवा झाली. त्या काळच्या सरंजामी बाईसाठी वैधव्य ही आयुष्यातली सर्वांत मोकळी अवस्था असू शकत होती. ना बापाची सत्ता, ना नवऱ्याची. स्वतःच्या नावाची मोहोर, स्वतःचं दप्तर, स्वतःचे अधिकारी. तिने पुन्हा लग्न केलं नाही. पुन्हा लग्न म्हणजे आर्त्वाला नवा मालक, हे तिच्याइतकं कुणाला कळत असणार?

आर्त्वा म्हणजे आजच्या फ्रान्सच्या उत्तर टोकाचा, काले बंदराच्या आसपासचा पट्टा. तेराव्या शतकात राजा नववा लुई याने तो आपल्या भावाला दिला होता. माहो ही त्या भावाची नात. मुलूख फार मोठा नव्हता, पण पैशाचा होता. आरास आणि सेंतोमेर ही कापडाच्या व्यापाराची शहरं. आरासचे सावकार राजेरजवाड्यांना कर्ज देत. फ्लँडर्स आणि फ्रान्स यांच्यामधला माल बापोमच्या नाक्यावरून जाई आणि तिथे जकात भरावी लागे. शेजारी फ्लँडर्स सतत पेटलेलं, त्यामुळे राजाच्या फौजा वरचेवर याच मुलखातून जायच्या. असा मुलूख चालवायचा तर तलवारीइतकीच वहीवर पकड लागते.

आणि माहोच्या वह्या राहिल्या आहेत. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. आर्त्वाचे अधिकारी वर्षातून तीनदा हिशेब सादर करत: फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाला, वसंतातल्या ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी आणि नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या सणाला. प्रत्येक परगण्यावर नेमलेला एक अधिकारी असे. महसूल गोळा करणं, गुन्ह्यांचा निवाडा करणं, किल्ल्यांची डागडुजी करणं ही त्याची कामं. तो किती जमा झाले, किती खर्च झाले आणि कशावर झाले हे लिहून आणायचा आणि काउंटेसचे लोक ते तपासायचे. तिच्या खासगी वाड्याचा खर्च वेगळा लिहिला जाई. हे कागद मोठ्या संख्येने आजही आरासच्या जिल्हा दप्तरखान्यात आहेत. चौदाव्या शतकातल्या फार थोड्या सत्ताधाऱ्यांचा रोजचा कारभार आपल्याला इतक्या जवळून दिसतो.

या नोंदींमधून एक पूर्ण जग उघडतं. १३१३ मध्ये आरासच्या एका बाईकडून उभ्या मागावर विणलेली पाच कापडं घेतल्याची नोंद आहे; भित्तिपटांचा इतिहास लिहिणारे आजही ती दाखवतात. गरिबांना वाटलेलं कापड आणि जोडे आहेत. पुस्तकं आहेत, ती लिहिणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांची मजुरी आहे. एदँच्या वाड्याचा खर्च तर अखंड चालूच. तिथे तिच्या वडिलांनी भलंमोठं उपवन आणि त्यात यांत्रिक करामती उभारल्या होत्या. मंडपाकडे जाणाऱ्या पुलावर केसाळ कातडं चढवलेली माकडं होती, ती यंत्राने हलत. पावसापाण्याने कातडं खराब होई, ते बदलायचा खर्च माहोच्या वह्यांत येतो. पाहुण्यांना चकित करणारं ते उपवन चालू ठेवणं हा सत्तेचाच भाग होता. ही त्याच काउंटची मुलगी आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला तिथे दिसायचं. १३२० मध्ये पॅरिसजवळच्या काँफ्लाँ इथल्या वाड्यात तिने एक सज्जा रंगवून घेतला. त्या कामाच्या करारात वडिलांची चित्रं, त्यांची गलबतं आणि त्यांच्या ढालीवरची चिन्हं कशी काढायची हे बारकाईने लिहिलेलं आहे. ज्या बाईच्या हक्कावर वारंवार बोट ठेवलं गेलं, तिने भिंतीवर बाप रंगवून घेतला. यामागचा विचार उघड आहे.

कारभारात तिचा उजवा हात होता तिएरी द'इर्सों. हा पाद्री, आर्त्वाबाहेरचा, हुशार आणि कडक. तो स्वतःची शेतीही अशी करत असे की काही वर्षी त्याच्या एका गावात पेरलेल्या गव्हाच्या दहापटीहून अधिक पीक निघालं. त्या काळात चार-पाच पट निघालं तरी लोक समाधानी असत. अशा माणसाच्या हातात मुलखाचे हिशेब म्हणजे स्थानिक सरदारांना पळवाट उरली नाही. बाहेरचा माणूस आपल्यावर हुकूम चालवतो, आपले जुने हक्क मोडतो, ही त्यांची तक्रार होती. ती सगळीच खोटी होती असं मला वाटत नाही. घट्ट कारभार हा ज्याच्यावर चालतो त्याला जाच वाटतोच. पण ज्या राजाच्या अधिकाऱ्यांनी हेच केलं त्याला इतिहास राज्य बांधणारा म्हणतो, आणि माहोला मात्र लोभी म्हणतो. ही मापं सारखी नाहीत.

भाच्याने पहिला दावा सज्ञान झाल्यावर केला. १३०९ मध्ये राजाने निवाडा दिला: आर्त्वा माहोचं. रॉबेरला भरपाई म्हणून नॉर्मंडीत जमिनी मिळाल्या आणि तो बोमों-ल-रोजेचा काउंट झाला. प्रकरण तिथे मिटायला हवं होतं.

मग १३१४ हे वाईट वर्ष उजाडलं. माहोच्या दोन्ही मुली तोवर राजाच्या सुना झाल्या होत्या: जान दुसऱ्या मुलाची, फिलिपची बायको, आणि ब्लांश धाकट्या चार्ल्सची. थोरली सून मार्गरीत ही बुर्गुंडीच्या ड्यूकची मुलगी (ही डची ओतोंच्या बुर्गुंडी काउंटीहून वेगळी). मार्गरीत आणि ब्लांश यांच्यावर दोन सरदार भावांशी व्यभिचार केल्याचा आरोप ठेवला गेला. त्या भावांना हालहाल करून मारलं. दोघी राजस्त्रिया शातो गायारच्या किल्ल्यात कैद झाल्या, मार्गरीत १३१५ मध्ये तिथेच मेली. जानवर आरोप होता तो माहीत असून गप्प राहिल्याचा. तिलाही कोंडलं, पण नवरा तिच्या पाठीशी उभा राहिला आणि ती निर्दोष सुटली. ब्लांशचं लग्न शेवटी १३२२ मध्ये रद्द झालं. पोपकडे त्यासाठी कारण दिलं गेलं ते असं: माहो ही चार्ल्सची धर्ममाता होती, म्हणजे चर्चच्या नियमाने तिची मुलगी त्याची आध्यात्मिक बहीण ठरते, आणि बहिणीशी लग्न होत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर ही गोष्ट आठवली.

त्याच सुमारास, चौथ्या फिलिपच्या शेवटच्या दिवसांत, फ्रान्सभर सरदारांचे जथे करांविरुद्ध उठले. आर्त्वात या असंतोषाचा रोख माहो आणि तिएरीवर वळला. १३१५ पासून सतत पाऊस, बुडालेली पिकं आणि सबंध उत्तर युरोपात दुष्काळ, अशा काळात हे बंड पेटलं. नवा राजा दहावा लुई, म्हणजे मार्गरीतचा नवरा, याने काही काळ आर्त्वाचा कारभार स्वतःकडे घेतला. १३१६ मध्ये तो अचानक मेला आणि रॉबेरने संधी साधून बंडखोरांसह आर्त्वात घुसून आरास घेतलं. एदँचा वाडा लुटला गेला. माहोने नंतर नुकसानभरपाईसाठी केलेल्या दाव्यांत लुटलेल्या वस्तूंच्या याद्या दिल्या, त्यांत पुस्तकंसुद्धा आहेत. आपल्याकडे काय होतं हे तिला वस्तुवार सांगता आलं, कारण ते लिहून ठेवलेलं होतं.

याच वेळी विषाचा आरोप आला. एदँकडची एक चेटकीण म्हणून ओळखली जाणारी बाई आणि तिचा मुलगा यांनी सांगितलं की माहोने आपल्याकडून जावयाचं मन मुलीकडे वळवण्यासाठी वशीकरणाचा काढा घेतला आणि दहाव्या लुईला मारण्यासाठी विष घेतलं. चौकशी झाली, साक्षी झाल्या. ऑक्टोबर १३१७ मध्ये माहो निर्दोष ठरली. विसाव्या शतकातल्या एका प्रचंड खपाच्या फ्रेंच कादंबरीमालेत मात्र ती विष घालणारी राक्षसीच झाली आणि लाखो वाचकांच्या मनात तीच राहिली. न्यायालयाचा कागद कादंबरीपुढे टिकत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता या गोष्टीतला सर्वांत गुंतागुंतीचा भाग. दहाव्या लुईला मार्गरीतपासून एक लहान मुलगी होती, तिचंही नाव जान. तो मेला तेव्हा त्याची दुसरी बायको गरोदर होती. नोव्हेंबर १३१६ मध्ये मुलगा झाला आणि काही दिवसांतच गेला. मग गादी कुणाची? चार-पाच वर्षांच्या जानची, की लुईचा भाऊ फिलिप याची? फिलिप म्हणजे माहोचा जावई. त्याने वेळ न दवडता ९ जानेवारी १३१७ रोजी रँसच्या कॅथेड्रलमध्ये स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला आणि तो पाचवा फिलिप झाला.

राज्याभिषेकाच्या विधीत राज्याचे 'पीअर' म्हणजे सर्वोच्च मानकरी राजाच्या डोक्यावरच्या मुकुटाला हात लावून तो धरत. आर्त्वाला १२९७ पासून हा मान होता आणि तो गादीचा होता, पुरुषाचा नव्हे. त्यामुळे माहोने इतर मानकऱ्यांबरोबर जावयाचा मुकुट धरला. बाईने हे करावं याचा अनेकांना राग आल्याचं त्या काळच्या इतिवृत्तात लिहिलेलं आहे. आणि महिन्याभरातच पॅरिसला भरलेल्या सभेने ठरवलं की फ्रान्सच्या राजगादीवर बाई वारस होत नाही.

हा विरोधाभास नीट बघायला हवा. जी बाई स्वतःच्या हक्काने काउंटेस होती, मानकरी म्हणून राजाचा मुकुट धरत होती, तिच्याच जावयाने लहानग्या पुतणीचा हक्क ती मुलगी आहे म्हणून नाकारला. आणि १३१८ मध्ये रॉबेरने पुन्हा दावा केला तेव्हा याच राजाच्या न्यायसभेने पुन्हा निवाडा दिला: आर्त्वा माहोचं, बाईला वारसा चालतो. दोन्ही निर्णयांचा फायदा एकाच घराला झाला. बाईला राजगादी का नाही, याचं समर्थन करणारा 'सॅलिक कायदा' लोक हमखास सांगतात, पण १३१७ च्या निर्णयाचा तो आधार नव्हता. तो जुना कायदा शोधून पुढे आणला गेला तो नंतर, झालेल्या गोष्टीला आधार म्हणून. आधी निर्णय झाला, कारण मागाहून सापडलं.

लहानग्या जानची बाजू लढवणारा तिचा मामा, बुर्गुंडीचा ड्यूक यूद, याची समजूत कशी काढली हेही बघण्यासारखं आहे. पाचव्या फिलिपने १३१८ मध्ये त्याला आपली थोरली मुलगी दिली. ती माहोची नात, तिचंही नाव जानच. ही सोयरीक पुढे आर्त्वाच्या कामी येणार होती.

१३१९ मध्ये सरदारांशी तह झाला आणि माहो आर्त्वात परतली. उरलेली दहा वर्षं त्या मानाने शांत गेली, पण घर रिकामं झालं होतं. तिचा मुलगा रॉबेर, ज्याच्याकडे हे सगळं जायचं होतं, तो १३१७ मध्ये कोवळ्या वयात वारला. शिल्पकार जाँ पेपँकडून तिने त्याचं समाधीशिल्प करवून घेतलं. कवच घातलेला, हात जोडून पहुडलेला तो मुलगा आता पॅरिसजवळच्या सें-देनीच्या चर्चमध्ये आहे. ब्लांश जोगीण झाली आणि आईच्या आधीच गेली. माहोने या वर्षांत एदँला रुग्णालय काढलं, १३२४ मध्ये आरासजवळ डोमिनिकन जोगिणींचा मठ स्थापला.

१३२८ मध्ये राजघराण्याची थोरली शाखा संपली आणि सहावा फिलिप राजा झाला. रॉबेर त्याचा मेव्हणा आणि मोठा पाठीराखा. आता निकाल आपल्या बाजूने लागणार अशी त्याची खात्री झाली. त्याने तिसरा दावा मांडला: वडिलांच्या लग्नाच्या वेळी आर्त्वा आमच्याच वंशाला देण्याचं लिहून दिलं होतं, ते कागद तिएरीने दडवले. तिएरी नुकताच वारला होता, म्हणजे उलट बोलायला कोणी नाही. दावा चालू असतानाच २७ नोव्हेंबर १३२९ रोजी पॅरिसमध्ये थोड्या दिवसांच्या आजाराने माहो वारली. तिची मुलगी जान आर्त्वाचा ताबा घ्यायला निघाली आणि जानेवारी १३३० मध्ये वाटेतच गेली. विषाच्या अफवा दोघींच्या मरणाभोवती उठल्या, या वेळी रॉबेरकडे बोट दाखवणाऱ्या.

रॉबेरने पुरावे हजर केले आणि तिथेच तो फसला. जान द दिव्हियों या बाईने ते बनवले होते; जुन्या दस्तऐवजांवरच्या खऱ्या मोहोरा काढून नव्या लेखांना लावल्या होत्या. तपासात ते बनावट ठरले. दिव्हियोंला १३३१ मध्ये पॅरिसला जाळण्यात आलं, १३३२ मध्ये रॉबेर हद्दपार झाला. तो इंग्लंडला गेला आणि तिसऱ्या एडवर्डने त्याला आसरा दिला. १३३७ मध्ये फ्रान्सच्या राजाने एडवर्डचा गियेन प्रांत जप्त केला तेव्हा या शत्रूला दिलेला आसरा हे एक कारण सांगितलं होतं. शंभर वर्षांचं युद्ध तिथून सुरू झालं धरतात. त्याची मुळं कितीतरी खोल होती, रॉबेर हे निमित्त. १३४२ मध्ये ब्रिटनी प्रांतातल्या लढाईत जखमी होऊन तो मेला.

आर्त्वा त्याला मिळालं नाही. ते गेलं माहोच्या नातीकडे, ड्यूक यूदची बायको झालेल्या जानकडे. तिच्यानंतर तिच्या नातवाकडे, आणि तो १३६१ मध्ये मूल नसताना वारला तेव्हा माहोच्या दुसऱ्या नातीकडे, मार्गरीतकडे. तीही तोवर विधवा होती. १३८२ पर्यंत, एकवीस वर्षं, तिने आर्त्वाचा कारभार स्वतःच्या नावाने केला.